हल्ली कशालाच वास नाही

९ फेब्रुवारी

वन्संना वहिनीचा नमस्कार. गुडघ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं कळलं. आता निदान डॉक्टरचं तरी ऐका, नवऱ्याचं ऐकायची वेळ तुमच्यावर कधी आलीच नाही.

इथली हालहवाल सांगते. कॉफी बदलली. कोपऱ्यावरचा दुकानदार भेसळ करायला लागलाय, कॉफीत काही दमच राहिलेला नाही. गरम पाणी प्यायल्यासारखं वाटतं. त्याला तोंडावर सांगितलं तर म्हणतो, ‘आजी, तोच डबा, तीच कंपनी.’ साबणाचंही तेच. पूर्वी तुमचे भाऊ आंघोळ करून निघाले की जिन्यापर्यंत घमघमाट यायचा. हल्ली कशालाच वास नाही. लोक पैसे तेवढे पूर्ण घेतात.

आता मुख्य गोष्ट. आमच्या चिरंजीवांनी पुन्हा तो विषय काढला. म्हणे, ‘आई, घर सोड आणि आमच्याकडे ये.’ निमित्त काय, तर दूध करपलं. अहो, मी पुढच्या खोलीत मशीनवर बसले होते, एका बाईच्या कोटाचं अस्तर लावत. मधलं दार लोटलेलं. मला काय स्वप्न पडणार? शेजारीण दार बडवत आली तेव्हा पातेलं काळं झालं होतं. एक पातेलं! त्यावरून माझं बिऱ्हाड उचलायला निघाले.

मी म्हटलं, बाबा रे, एक सौदा करू. येत्या पुरीमला सगळे माझ्याकडे या. मी सणाचं जेवण करते आणि हामानचे कान, ती खसखशीची तिकोनी बिस्किटं, पण मीच करते, दरवर्षीसारखे. एक जरी चूक निघाली तर सामान बांधीन. नाही निघाली तर पुन्हा हा विषय नाही. तो हो म्हणाला. तुम्हाला माहीतच आहे, त्या तिकोनी बिस्किटांत चूक काढणं म्हणजे तुमच्या आईंच्या हयातीतही कुणाला जमलं नाही, आणि मी त्यांच्या हाताखाली शिकलेय.

सून मात्र हल्ली फार घिरट्या घालते. येते ती थेट स्वयंपाकघरात. भांड्यांवरची झाकणं काढून वास घेते. मी काही विष शिजवत नाही. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय!

तुमची वहिनी

१७ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र नर्सने वाचून दाखवायचा हट्ट धरला होता. मी म्हटलं, डोळे शाबूत आहेत, कान तेवढे गेलेत. म्हणून तर आपण या वयात शाळकरी मुलींसारख्या पत्रं लिहितोय. फोनवर तुम्ही काय बोलता ते मला ऐकू येत नाही आणि मी काय बोलते ते सगळ्या इमारतीला ऐकू येतं.

सौदा का केलात? तुमचा मुलगा वाईट नाही. पण केलात तर केलात, आता जिंका. आणि सुनेला जरा कामाला लावा. ती बाहेरून आपल्यात आली, धर्माची परीक्षा देऊन आली, आणि दूध-मांस एकत्र न खाण्याचे नियम तिला आपल्या दोघींपेक्षा जास्त पाठ आहेत. मी जन्माने ज्यू, पण दुकानात औषधं बांधता बांधता कितीदा दुधाचा चहा आणि मटणाचा डबा यांच्यात फक्त अर्धा तास ठेवला, हे माझं मला ठाऊक. आमच्या धाकट्या भावाला सांगू नका. तो मला जातीबाहेर टाकेल.

सून झाकणं उचलते म्हणून एवढं काय? सासू झालात की हा आजार सगळ्यांना होतो. सोडून द्या.

कानांचं एक पार्सल इकडे पाठवा. खसखशीचे. जर्दाळूचे नकोत, तो फॅशनवाल्यांचा प्रकार.

वन्सं

४ मार्च

वन्सं,

तुम्ही सुनेची बाजू घेणार हे मला पाकिटाच्या जाडीवरूनच कळलं होतं.

तयारी सुरू आहे. खसखस दळून आणली, मध आणि साखर घालून शिजवून बरणीत भरून ठेवली. सून आली होती. बरणी उघडून म्हणाली, ‘आई, हे खाली थोडं लागलंय का?’ मी चमचाभर चाखलं. गोड होतं. गोड असायचं तेच होतं. मी म्हटलं, तुझ्या नाकाला सगळंच लागलेलं लागतं. दुसऱ्या दिवशी बघते तर दारात नवी बरणी! स्वतः शिजवून आणून ठेवलीन आणि वर चिठ्ठी, ‘आई, माझी खसखस उरली होती.’ एवढी खसखस कुणाची उरते? मला कळत नाही असं तिला वाटतं. पण सणाचे दिवस, म्हटलं असू दे. माझी मागे सारली आणि तिची वापरणार आहे. कुणाला सांगू नका.

बाकी पिठाला मात्र मी कुणालाही हात लावू देणार नाही. जेवण मटणाचं असणार, त्यामुळे पीठ तेलाच्या तुपातलं, म्हणजे मार्गारिनमधलं, लोण्यातलं नाही, हे तुम्हाला सांगायला नको. आदल्या दिवशी त्याची वडी फ्रिजमधून काढून, कागद सोडवून, ओट्यावर ठेवायची. सकाळपर्यंत बोट लावलं की दबेल इतकी मऊ होते. मग मैद्यात बोटांनी चोळायची. आईंची पद्धत. यंत्र नाही, चमचा नाही.

नातवंडं येणार म्हणून सुनेने फ्रिज भरून ठेवलाय. दूध, लोणी, चीज, सगळं. माझ्या फ्रिजमध्ये मलाच माझं सापडत नाही.

तुमची वहिनी

१७ मार्च

वन्सं, जिंकले!

सविस्तर लिहिते, चहा घेऊन बसा.

सकाळीच सगळे हजर. सणाची सोंगं म्हणून नातवंडांनी मुकुट घातलेले, चिरंजीवांनी नकली दाढी लावलेली. त्यांना कायमची सर्दी, त्यामुळे दाढीत शिंकत होते. मी आदल्या दिवशी वडी काढून ठेवली होतीच. सगळ्यांच्या देखत पीठ मळलं. ओट्याला कुणाला चिकटू दिलं नाही. सून हिवाळ्यातल्या मांजरीसारखी दाराशी. मग लाटणं, वाटीने चकत्या पाडणं, मध्ये खसखस, आणि तीन कडा एकीवर एक चढवून चिमटे. नातवाने चार कोन काढले. मी म्हटलं, हा त्या दुष्ट हामानचा कान नव्हे, ही त्याची शवपेटी.

ट्रे भट्टीत गेला आणि मुलं ओरडली, ‘आजी, काय मस्त वास येतोय!’ माझा ऊर भरून आला. खोटं कशाला सांगू, चिरंजीवांकडे मी बघितलंच. तो पण हसला.

तेवढ्यात सुनेचा चेहरा उतरला. कचऱ्याच्या बादलीत वाकून काहीतरी बघून आली. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणते, ‘आई, ही बिस्किटं आज नको वाढायला. खालून करपलीत.’ मी एक उलटून पाहिलं. सोन्यासारखं! मी म्हटलं, बाई गं, तुझ्या मनात आहे तरी काय? माझं घर बुडवायचंय?

जेवण झालं. मटण उत्तम झालं होतं, सगळ्यांनी म्हटलं. मग मी ताट आणलं. धाकटे भाऊजी, म्हणजे तुमचे बंधुराज, नेहमीप्रमाणे पहिले. तोंडाजवळ नेलं आणि थांबले. पुन्हा वास घेतला. मग परत ताटात ठेवून म्हणाले, ‘यात लोणी आहे.’

वन्सं, मटणावर लोणी! मुलांच्या हातातली बिस्किटं काढून घेतली. चिरंजीव माझ्याकडे बघायला लागले. आणि तेवढ्यात सून उभी राहिली. म्हणाली, ‘चूक माझी. सकाळी आल्याआल्या ओट्यावरची वडी मी फ्रिजमध्ये ठेवली आणि चुकून लोणी बाहेर काढलं. आईंना काय माहीत.’

झालं! भाऊजी म्हणाले, ‘बाहेरून आलेल्या माणसाला किती का शिकवा, रक्तात नाही ते नाहीच.’ तिच्या पोरांसमोर म्हणाले. मला ते आवडलं नाही, पण मी काही बोलले नाही. बोलून काय करणार? चूक तिने स्वतः कबूल केली. हाताच्या काकणाला आरसा कशाला?

ती मान खाली घालून ताटं उचलत राहिली. ट्रे, लाटणं, परात, सगळी भांडी पुन्हा शुद्ध व्हावीत म्हणून वेगळी काढून उकळायला ठेवलीन, तीही एकटीने. निघताना चिरंजीव म्हणाले, ‘आई, तुझं बरोबर होतं. घराचा विषय बंद.’ एवढं ऐकलं आणि त्या रात्री मी गाढ झोपले.

तुमचं पार्सल राहिलं. लोण्याचे चालत असतील तर पाठवते, तुम्ही एकट्याच आहात, मटण न खाता खा.

तुमची वहिनी

२६ मार्च

वहिनी,

पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा तुमची आधीची पत्रं काढून शेजारी ठेवून वाचलं. आता जे लिहिते त्याने तुम्ही चिडणार. चिडा.

सुनेने ओट्याला हातच लावला नव्हता. ‘ओट्याला कुणाला चिकटू दिलं नाही’ असं तुम्हीच लिहिलंय. ती सगळ्यांबरोबरच आली असणार, मुलं आणि नकली दाढीसकट. मग तिने वडी बदलली कधी? आदल्या दिवशी कागद कुणी सोडवला? कचऱ्याच्या बादलीत ती काय बघत होती? लोण्याचा कागद बघत होती, वहिनी. तुम्ही टाकलेला.

आता कॉफी. दुकानदार भेसळ करत नाही. साबणाची कंपनी बुडालेली नाही. दूध करपलं ते मधल्या दारामुळे कळलं नाही असं नव्हे, करपलेल्या दुधाचा वास दारं ओलांडून शेजारणीकडे गेला. खसखस लागली होती. आणि लोण्याच्या पिठात तुम्ही कोपरापर्यंत हात घालून उभ्या होता, भट्टीतून वास सुटला, शेंबडी मुलंसुद्धा ओरडली, आणि तुम्हाला कळलं नाही.

माझे कान जात होते तेव्हा मी दोन वर्षं म्हणत होते की लोक हल्ली पुटपुटतात. रब्बाय पुटपुटतो, रेडिओ पुटपुटतो, दुकानाचा मालक तर मुद्दाम पुटपुटतो. नाचता येईना, अंगण वाकडं. कुणी सांगितलं असतं तर मी त्याला दुकानातून हाकललं असतं. कुणी सांगितलंही नाही. एक दिवस मोटारीचा भोंगा ऐकू आला नाही आणि गाडीवाल्याने खाली उतरून माझ्या सात पिढ्या काढल्या. तेही मला नीट ऐकू आलं नाही.

तुमच्या घरात गॅस आहे. मला भीती वाटते. सरळच सांगते.

आणि दुसरं. ती मुलगी दहा वर्षं आपल्या घरात प्रत्येक ताट दोनदा बघून ठेवतेय, का, तर कुणी म्हणू नये. ते म्हणणं तिने तुमच्यासाठी अंगावर घेतलं. आता धाकटा ही गोष्ट प्रत्येक सणाला सांगणार. मी ओळखते त्याला.

वन्सं

२ एप्रिल

वन्सं,

पत्र पोचलं. माझं नाक माझ्या तोंडावर आहे आणि ठणठणीत आहे. औषधाच्या दुकानात पुड्या बांधल्या म्हणून कुणी डॉक्टर होत नाही. पेसाखच्या सणाची साफसफाई आहे, मला वेळ नाही.

१ मे

वन्सं,

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिणारही नव्हते.

तुमचं पत्र मी चुलीत घालणार होते. घातलं नाही. आधी तुम्हाला खोटं पाडायचं ठरवलं. भर दुपारी खिडक्या उघडून बसले. कॉफीचा डबा उघडून त्यात नाक घातलं. काही नाही. फिनेलची बाटली. काही नाही. कांदा चिरला, डोळ्यांतून धारा लागल्या, म्हटलं, हा बघा, येतोय! पण झोंबत होतं ते डोळ्यांना. नाकाला पत्ता नाही. तुमच्या भावाचा कोट मी अजून कपाटात ठेवलाय, तंबाखूच्या वासासाठी. तो काढला आणि तोंडावर धरला. कापड होतं, वन्सं. नुसतं कापड.

मग गॅसची कळ अर्धी फिरवली, न पेटवता. सुंई असा आवाज ऐकू आला. वास नाही. ताबडतोब बंद केली आणि तिथेच स्टुलावर बसले. खाली कुलूपवाल्याचं दुकान, त्याचं किल्ल्या घासायचं मशीन दिवसभर ठिणग्या उडवते. त्याचा विचार आला. शेजारणीचा आला. मग सुनेचा आला.

पेसाख होऊन गेल्यावरच्या शुक्रवारी जेवायला सगळे चिरंजीवांकडे होतो. भाऊजी होतेच. सुनेने मासे केले होते, आणि भाऊजींनी काटा हातात घेऊन विचारलं, ‘आज यात काय काय पडलंय, आधी सांग बरं.’ हसत विचारलं. सगळे थोडे हसले. चिरंजीवही हसले. ती पण हसली, आणि ते बघून माझ्याने राहवेना.

मी म्हटलं, ‘पुरीमला लोणी मी घातलं. कागद मी सोडवला. मला वास येत नाही, कित्येक महिने. हिने माझ्यावरचं आपल्यावर घेतलं. आणि भाऊजी, रक्तात नाही ते नाही म्हणालात ना? माझ्या रक्तात असून मी मटणावर लोणी वाढलं.’

भाऊजी माशातले काटे शोधत बसले, खरं तर त्या माशाला काटे नव्हतेच. मग चिरंजीव म्हणाले, ‘आई, मग ठरल्याप्रमाणे…’ मी म्हटलं, ‘हो. ठरल्याप्रमाणे.’

सून आभार मानेल असं मला वाटलं होतं. कसले आभार! मला जिन्यात गाठून भांडली. ‘कशाला सांगितलंत? मी सांभाळत होते ना? रोज येऊन बघत होते ना?’

मी म्हटलं, ‘आणि तुझं नाव खराब झालं ते?’

‘माझ्या नावाचं काय घेऊन बसलात! ते पहिल्या दिवसापासून परीक्षेलाच बसलंय. तुमचं घर मात्र एकदा गेलं की गेलं.’

आणि रडायला लागली. माझ्या घरासाठी ती रडतेय, आणि मी दहा वर्षं तिला उंबऱ्यात उभी करून ठेवलेली. वन्सं, मी तिला जवळ घेतलं. कसं घ्यायचं ते कळत नव्हतं, तिची पिशवी मध्ये येत होती. पण घेतलं.

घर जाणार. मला फार वाईट वाटतंय. ते लपवत नाही.

तुमची वहिनी

१० मे

वहिनी,

शाब्बास. यापेक्षा जास्त लिहायला गेले तर मला रडू येईल आणि नर्सला वाटेल गुडघा दुखतोय.

धाकट्याचं पत्र आलं होतं. चार पानं हवेबद्दल, आणि शेवटी एक ओळ, ‘माझ्याकडून त्या मुलीला जरा जास्त बोललं गेलं.’ मी त्याला उलट लिहिलंय, मला कशाला सांगतोस, बसने अर्ध्या तासावर राहते ती. बघू.

मशीन बरोबर न्या. कोणी अडगळ म्हटलं तर ऐकू येत नाही असं सांगा. हा उपाय मी वापरून पाहिलेला आहे.

वन्सं

१२ जून

वन्सं,

आले. सामान तिसऱ्या मजल्यावर चढवताना दोन हमाल आणि एक चिरंजीव जायबंदी झाले. मशीन खिडकीशी लावलंय. खोली लहान आहे पण उजेड चांगला. पहिले काही दिवस झोप आली नाही. सकाळी उठून चुकीच्या दाराने स्वयंपाकघरात जायला निघायचे आणि कपाटापाशी थांबायचे. तुमच्या भावाचा कोट त्याच कपाटात लावलाय. वास येवो न येवो, असू दे.

भाऊजी येऊन गेले. सुनेसमोर उभे राहिले, घसा खाकरला, टोपी हातात फिरवली, आणि म्हणाले, ‘पाणी मिळेल का?’ तिने पाणी दिलं. ते प्यायले. मग म्हणाले, ‘माझं चुकलं.’ ती म्हणाली, ‘अजून देऊ?’ मग मी म्हटलं, बसा आता, उभ्याने पाणी पिऊ नका. बसले. दोनदा चहा प्यायले.

सुनेशी माझे खटके उडतात. ती मीठ कमी घालते. मिठाची चव मला अजून कळते, त्यामुळे तिची त्यातून सुटका नाही. ती परवा म्हणाली, ‘आई, तुम्ही आल्यापासून मला माझ्याच घरात परीक्षा द्यावी लागतेय.’ मी म्हटलं, पास झालीस, आता निकालावर वाद घालू नकोस.

आज शुक्रवार, संध्याकाळच्या शब्बाथच्या पावाचं पीठ मळायचंय, म्हणून आवरतं घेते. पुढचं पत्र या नव्या पत्त्यावर

आत्या, नमस्कार. पुढचं मी लिहितेय, कारण आई पत्र अर्धं टाकून उठल्या. मी पीठ चुकीचं मळतेय असं त्यांना मशीनवरून दिसलं. आता त्यांचे दोन्ही हात परातीत आहेत. पत्ता पाकिटावर घातलाय. आमचं असं ठरलंय, की वास मी घ्यायचा आणि ओरडायचं त्यांनी.